नारळ पहिल्याच फटक्यात फुटला

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत गेल्या हिवाळ्यात नव्या कोर्टाचं उद्घाटन झालं. निळा-हिरवा रंग, आखीव पांढऱ्या रेषा, चारी बाजूंनी जाळी. प्रमुख पाहुण्यांनी नारळ वाढवला आणि तो पहिल्याच फटक्यात असा फुटला की पाणी पार कडेच्या रेषेपर्यंत उडालं. टाळ्या झाल्या. मी मात्र त्या ओल्या डागाकडे बघत राहिले. याच जागी कितीतरी वर्षं कबड्डीचं मातीचं मैदान होतं. स्पर्धेआधी नारळ वाढवायची वेळ आली की एखादं पोर धावत जाऊन कुंपणाजवळचा काळा दगड उचलून आणायचं, कारण त्या मैदानात दगड ठेवल्याशिवाय नारळ फुटायचाच नाही, मातीत रुतून बसायचा. आता दगड आणायची गरज उरली नव्हती. सगळं मैदानच दगड झालं होतं.

महिनाभरात त्या कोर्टावर चौदा वर्षांखालच्या मुलींच्या सरावात एकीचं मनगट मोडलं आणि वाद पेटला. पण तो भलत्याच वाटेने गेला. एक बाजू म्हणते, आपला खेळ मातीतला, मातीशी नाळ तुटली की खेळ संपला, जुनं मैदान परत द्या. दुसरी म्हणते, जग फोमच्या मॅटवर खेळतंय, तेव्हा कोर्टावर मॅट अंथरा आणि मातीचं पुराण आता पुरे करा. दोन्ही बाजूंना माझे जुने विद्यार्थी आहेत, दोघांनाही खेळाची कळकळ आहे, आणि तरीही दोघं भांडतायत ते अभिमानावरून. एकाला जुन्याचा अभिमान, दुसऱ्याला नव्याचा. पडणाऱ्या पोरीच्या मनगटाला यातलं काही कळत नाही. आपण आपटलो तेव्हा खालची जमीन किती दबली, एवढंच त्याला कळतं. माझं मत आधीच सांगते. शाळेच्या आणि गावच्या मैदानासाठी नीट राखलेली माती आजही सुरक्षित आहे आणि परवडणारी आहे. मॅट हवीच, पण ती तालुक्याच्या ठिकाणी, छपराखाली, चांगल्या तळावर आणि सगळ्या शाळांच्या मुलांना वापरता येईल अशी हवी. आणि सिमेंटला रंग फासून त्याला ‘सिंथेटिक कोर्ट’ म्हणण्याचा प्रकार ताबडतोब थांबायला हवा.

धक्का शोषणं म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घेतलं तर अर्धा वाद मिटेल. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे घेतो. चेंडू थांबायला जितकं जास्त अंतर मिळेल तितका तळहाताला मार कमी. जमिनीचंही तेच आहे. धावताना प्रत्येक पावलाला पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, उडी मारून उतरताना त्याहूनही जास्त. त्यातला काही भार जमिनीने उचलला नाही तर तो घोट्याने, नडगीने, गुडघ्याने आणि कंबरेने उचलायचा असतो. युरोपात बंदिस्त क्रीडागृहांच्या जमिनीसाठी ईएन १४९०४ नावाचं मानक आहे. त्यातली मोजण्याची रीत मला फार बोलकी वाटते. २० किलोचं वजन ५५ मिलिमीटर उंचीवरून एका स्प्रिंगवर सोडतात आणि खाली किती जोराचा धक्का पोचला ते मोजतात. मग काँक्रीटवर हाच धक्का किती बसतो त्याच्याशी तुलना करतात. काँक्रीटपेक्षा धक्का जितके टक्के कमी, तितकी त्या जमिनीची धक्का शोषण्याची ताकद. म्हणजे जगाने मोजपट्टी बनवली तेव्हा तिच्यावरचं शून्य म्हणून काँक्रीट निवडलं. त्या मानकानुसार क्रीडागृहाच्या जमिनीने निदान २५ टक्के धक्का शोषायलाच हवा. धावण्याच्या सिंथेटिक ट्रॅकला जागतिक ॲथलेटिक्स संघटनेची अट ३५ ते ५० टक्क्यांची आहे. आपण आपल्या मुलांना शून्यावर उतरवतोय.

‘पण मॅडम, हे काँक्रीट नाही, वर ॲक्रिलिक आहे,’ असं त्या शाळेत मला समजावलं गेलं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. त्यालाही कोणीतरी तसंच सांगितलं होतं. साध्या ॲक्रिलिक कोर्टात सिमेंटच्या किंवा डांबराच्या पायावर दोन-तीन मिलिमीटरचे रंगाचे थर असतात. त्यांनी घसरण कमी होते, चेंडू एकसारखा उसळतो, रंग उन्हात टिकतो. टेनिसला, बास्केटबॉलला त्याचा उपयोग आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पडणाऱ्या अंगाला त्या दोन मिलिमीटरांनी काय फरक पडणार? रबराच्या दाण्यांचे थर खाली देऊन केलेली कोर्टंही असतात. ती वेगळी आणि बरीच महाग असतात, आणि आपल्याकडच्या शाळांच्या निविदांमध्ये मी ती क्वचितच पाहिली आहेत. निविदेत शब्द एकच येतो, ‘सिंथेटिक’, आणि त्या एका शब्दाखाली रंग, रबर, प्लॅस्टिकच्या जोडफरश्या आणि कृत्रिम गवत सगळं खपून जातं. सोसायट्यांच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकबद्दल तर बोलायलाच नको. तिथे मुलं पकडापकडी खेळतात तेव्हा मला बघवत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं असं लिहिलं आहे. ते कशाचं असावं, हे लिहिलेलं नाही. त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत आपण सिमेंट ओतलं.

आता मॅटच्या बाजूचं म्हणणं पूर्ण ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य भरपूर आहे. मी स्वतः मातीत खेळले. ढोपरं आणि कोपरं कायम सोललेली, आंघोळीचं पाणी अंगावर पडलं की जीव कळवळायचा. जखमेत माती गेली की धनुर्वाताचं इंजेक्शन ठरलेलं. माझ्याबरोबरच्या कितीतरी मुलींचा खेळ घरच्यांनी बंद केला तो ‘हातापायांवर डाग राहतील, पुढे स्थळं यायची नाहीत’ म्हणून. मॅट आली, गुडघ्याचे पट्टे आले, बूट आले, आणि ज्या आया मुलीला मैदानावर पाठवायला तयार नव्हत्या त्या मैदानाच्या कडेला येऊन बसू लागल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्याचं मोल मी कधीच कमी करणार नाही. शिवाय पाऊस आहे. कोकणात जून ते सप्टेंबर मैदानात चिखल असतो. छपराखाली मॅट असेल तर तेच चार महिने सरावाचे होतात. आणि सगळ्यात वजनदार मुद्दा स्पर्धेचा. २०१४ पासून प्रो कबड्डी मॅटवर चालली आहे, आंतरराष्ट्रीय सामने मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला तोही मॅटवर. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे होते. उद्या तिथवर जायचं स्वप्न पाहणाऱ्या मुलीला ‘तू मातीतच खेळ’ म्हणणं म्हणजे तिच्या पायात बेडी घालणं, असं मॅटवाले म्हणतात. आणि मग हॉकीची आठवण काढतात.

हॉकीची आठवण खरोखरच टोचणारी आहे. १९७५ मध्ये क्वालालंपूरला गवतावर आपण विश्वचषक जिंकलो. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ अंथरलं गेलं आणि आपण सातवे आलो. सगळा दोष टर्फचा नव्हता, पण पायाखालची जमीन बदलली की खेळाचा वेग, चेंडूची उसळी, शरीराची तयारी सगळं बदलतं आणि ज्याला ती जमीन मिळत नाही तो मागे पडतो, हे त्या एका वर्षाने दाखवून दिलं. मातीचा कैवार घेणाऱ्या माझ्यासारखीने हे नाकारलं तर तो अप्रामाणिकपणा होईल.

पण त्या इतिहासातून शिकायचं काय? गावोगावच्या प्राथमिक शाळेत टर्फ नव्हतं म्हणून आपण मागे पडलो का? ज्या वयात मुलं जिल्ह्याच्या, राज्याच्या संघाच्या उंबरठ्यावर येतात त्या वयात त्यांना टर्फ हाताशी मिळत नव्हतं, हे खरं दुखणं होतं. ओडिशाने हे ओळखलं. सुंदरगढ जिल्ह्यात पोरं आजही गावच्या मातीत काठ्या घेऊन हॉकी शिकतात, आणि राज्याने त्या जिल्ह्यात टर्फ गटपातळीपर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं. शिकायला माती, पुढे घडायला टर्फ, आणि दोन्हींच्या मधलं अंतर एसटीने जाता येईल एवढं. कबड्डीसाठी आणि खो-खोसाठी मी हेच मागतेय. एका शाळेच्या आवारात बुरशी धरून पडलेल्या मॅटपेक्षा तालुक्याच्या सभागृहात रोज अंथरलेली एक मॅट वीस शाळांच्या कामी येईल.

खाशाबा जाधवांचं नाव या वादात दोन्हीकडून घेतलं जातं. मातीवाले म्हणतात, गोळेश्वरच्या तालमीतला गडी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला, मातीने काय कमी केलं? मॅटवाले म्हणतात, त्याआधी १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले कारण मॅटची सवय नव्हती. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही मिळून जे सांगतं ते कोणीच ऐकत नाही. अंगातली ताकद, चपळाई, पडून उठायची सवय मातीने दिली. मॅटवर त्या ताकदीचं काय करायचं, ते वेगळं शिकावं लागलं. चार वर्षांत ते शिकले. पण ते शिकायला उरण्यासाठी आधी शरीर शाबूत लागतं, आणि ते शरीर घडवलं कोल्हापूर-कराडकडच्या हौदातल्या तांबड्या मातीने. ही माती निसर्गातून आपोआप मऊ येत नाही, हे मात्र मातीवाले विसरतात. तालमीत पैलवान रोज फावडं घेऊन हौद उकरतात. तीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवतात. कुस्ती सुरू व्हायच्या आधीच निम्मा घाम त्या उकरण्यात गळतो. ती मऊ राहते कारण कोणीतरी ती रोज मऊ करतं.

म्हणून मातीवाल्यांनाही मला चार शब्द सुनवायचे आहेत. एप्रिलमधलं, दोन महिने पाणी न पाहिलेलं, मुरूम टाकून रोलर फिरवलेलं मैदान माती नव्हे. त्यावर पडलं की ढोपराला खडीचे दाणे रुततात आणि आपटलं की हाड बोलतं. आमच्याकडे घरापुढे खळं करायची जुनी रीत होती. माती ओली करायची, चोपण्याने चोपून चोपून दगडासारखी करायची, वर शेणाने सारवायचं. झोडणीला, धान्य वाळवायला तसंच हवं. पण खळं आणि मैदान यांत फरक असतो, आणि तो फरक आपण विसरत चाललोय. कंत्राटदार जेसीबीने सपाटी करतो, धुमसाने ठोकतो, आणि शाळेला मैदान म्हणून खळं देऊन जातो. वरून गुळगुळीत दिसतं, फोटो छान येतो.

चांगलं मैदान कसं करतात ते मी माझ्या सरांकडून शिकले. दिवाळीनंतर वरचा वीतभर थर उकरायचा. त्यातले खडे, काचा, मुळं वेचायची, माती चाळणीतून चाळायची. चिकट माती असेल तर तीत बारीक वाळू मिसळायची, नाहीतर ऊन पडलं की भेगा जातात. खालचा थर घट्ट बसवायचा, वरचा दोन-तीन बोटं सैल ठेवायचा. संध्याकाळी पाणी शिंपडायचं, सकाळी हलका हात फिरवून फक्कीने रेषा मारायच्या. तयार झालं का ते बघायची त्यांची एक खूण होती. अनवाणी टाचेवर उभं राहायचं आणि जागेवर एक गिरकी घ्यायची. टाचेखाली वाटीएवढा खळगा पडला आणि माती बोटांना चिकटली नाही की मैदान तयार. खळगा पडला नाही तर पुन्हा पाणी. मातीचा गोळा पायाला आला तर एक दिवस ऊन. त्या गिरकीत दोन गोष्टी एकदम तपासल्या जायच्या, हे मला फार उशिरा कळलं. जमीन किती दबते आणि पाय किती सहज वळतो.

पाय किती सहज वळतो, हा मुद्दा मॅटच्या चर्चेत कोणी काढतच नाही. सगळे फक्त मऊपणाबद्दल बोलतात. पण जमीन जितकी मऊ तितकी चांगली, हे खरं नाही. त्या युरोपीय मानकात खालची मर्यादा २५ टक्क्यांची आहे तशी वरचीही आहे, ७५ टक्क्यांची. फार मऊ जमिनीत पाऊल रुततं आणि घोटा मुरगळतो. कुस्तीच्या सहा सेंटिमीटर जाड मॅटवर उचलून आपटलेला माणूस वाचतो, पण तिच्यावर कोणी कबड्डीची चढाई करून दाखवावी. जमिनीची पकडही तितकीच महत्त्वाची. मातीवर अनवाणी खेळताना झटक्यात दिशा बदलली की माती थोडी सरकते आणि गुडघ्यावरचा पीळ सुटतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट जिथे टेकला तिथे चिकटतो. वरचं अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि मधल्या मध्ये गुडघा पिळतो. नॉर्वेतल्या हँडबॉल खेळाडूंच्या दुखापतींवर २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लाकडी जमिनीपेक्षा जास्त पकड घेणाऱ्या कृत्रिम जमिनीवर महिला खेळाडूंच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका जास्त आढळला. सोललेलं ढोपर आठवड्यात भरतं. एसीएल तुटला की शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने व्यायाम, आणि गावातल्या मुलीच्या बाबतीत बहुतेक वेळा खेळच संपला. मॅटने आपल्याला वरच्या जखमांतून सोडवलं, हे मी मान्य केलं. मग तिच्यावर आतल्या जखमा वाढू नयेत म्हणून बूट कसले घालायचे, मॅट किती धुळकट किंवा ओली असताना खेळ थांबवायचा, गुडघ्याभोवतीचे स्नायू आधी किती बळकट करायचे, याची शिकवण मॅटबरोबर का येत नाही? पेटीत फक्त मॅट येते.

पैसा आणि प्रतिष्ठा असलेल्यांनाही जमीन निवडणं सोपं गेलेलं नाही. ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस १९८८ मध्ये गवतावरून ‘रिबाउंड एस’ नावाच्या रबराचा थर असलेल्या कोर्टावर गेलं. पायांना आराम मिळावा हा हेतू होता. पण मेलबर्नच्या कडक उन्हात ते कोर्ट चिकट व्हायचं, बूट अडकायचे, घोटे मुरगळल्याच्या तक्रारी खेळाडू करत राहिले. शेवटी २००८ मध्ये ते बदललं. मेलबर्नला जानेवारीत जो त्रास झाला तो चंद्रपूर-अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यांत होणार नाही असं कोणी छातीठोक सांगेल का? काळ्या रबरावर दुपारी हात ठेवून बघा. आणि तिकडे पॅरिसला रोलाँ गारोसमध्ये अजूनही लाल कोर्ट आहे. वर विटांच्या भुकटीचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पापुद्रा, खाली चुनखडीचा चुरा, त्याखाली राखेचा खडा, त्याखाली खडी. वरचा लाल रंग जग बघतं, पण पाणी धरून ठेवणं आणि सोडणं हे काम खालचे थर करतात. रोज पाणी, रोज झाडणी, रोज डागडुजी. जगातली सगळ्यात मानाची एक स्पर्धा भुकटी आणि झाडू यांवर उभी आहे, आणि फ्रेंचांना त्यात मागासलेपणा वाटत नाही. लहान मुलांच्या घसरगुंडीखाली काय असावं याच्या युरोपीय नियमांतही सैल वाळूचा पुरेसा जाड थर मान्य आहे. मऊपणासाठी कारखान्यातलीच वस्तू लागते, हा समज आपला आपणच करून घेतला आहे.

पाण्याचं काय, असा प्रश्न मराठवाड्यातले माझे शिक्षकमित्र विचारतात आणि त्यांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. जिथे प्यायला टँकर येतो तिथे मैदानावर पाणी शिंपडा म्हणणं क्रूर वाटेल. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून आयपीएलचे सामने राज्याबाहेर गेले होते, तेव्हा याच प्रश्नाची चर्चा घरोघर झाली. पण हिशेब तरी मांडू. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. चौरस मीटरला दोन लिटर धरले तर एका शिंपणाला २६० लिटर, म्हणजे एक-दीड पिंप पाणी. शाळेत हात धुतलेलं, पिण्याच्या टाकीखाली सांडलेलं पाणी साठवलं तरी बराचसा भाग निघतो. आणि जिथे तेही शक्य नाही तिथे वाळूचं प्रमाण वाढवून कोरडं पण सैल मैदान करता येतं. तिथेही नाहीच जमलं, तर मॅट घ्या. माझा हट्ट मातीचा नाही. मुलगी पडली तर काही मोडू नये, एवढाच आहे.

मॅट घ्यायची तर कशी, यावरही बोललं पाहिजे, कारण सिमेंटच्या कोर्टावर मॅट अंथरून प्रश्न सुटला असं मानणं ही मला दिसणारी सगळ्यात मोठी फसगत आहे. कबड्डीच्या मॅटचा तुकडा एक मीटर बाय एक मीटर, पंचवीस-तीस मिलिमीटर जाड, कडेला करवतीसारखे दाते. एका मैदानाला असे १३० तुकडे, कडेची जागा धरली तर आणखी बरेच. फोमच्या आत हवेचे बारीक कप्पे असतात. धक्का बसला की ते दबतात आणि परत फुगतात. वर्षानुवर्षांच्या चढाया-पकडींनी मधल्या रेषेजवळचे, बोनस रेषेजवळचे तुकडे दबलेलेच राहतात. मुलं म्हणतात, ‘बाई, इथली मॅट बसली.’ गादी बसते तशीच. कापसाची गादी पिंजून घेता येते, मातीचं मैदान उकरून घेता येतं, पण बसलेली मॅट परत उठत नाही. मग ती फक्त रंगाने मॅट उरते आणि धक्का थेट खालच्या सिमेंटला लागतो. दात्यांच्या जोडात फट पडते, तिच्यात अंगठा अडकतो. ती फट बुजवायला कोणीतरी चिकटपट्टी लावतं, ती घामाने निसटते. मॅट रोज उचलायची, रचायची, उन्हापासून, पावसापासून, उंदरांपासून जपायची, पुसून घ्यायची. हे करायला माणूस कोण? एकशे तीस तुकडे रोज अंथरून परत उचलायला लागणारा वेळ सरावाच्या तासातून जातो. म्हणून बहुतेक शाळांत मॅट स्पर्धेच्या आदल्या दिवशी निघते आणि मुलं एरवी त्या रंगीत सिमेंटवरच खेळतात. नियमितपणे अंथरली जाईल असं सभागृह नसेल, खाली लाकडाचा किंवा रबराचा लवचीक तळ नसेल, तर मॅटचे पैसे त्या शाळेने घेऊ नयेत असं मी उघड म्हणते, मग कोणाला आवडो न आवडो.

निविदा काढणाऱ्यांकडे, मग ती ग्रामपंचायत असो, शाळा व्यवस्थापन समिती असो की लोकप्रतिनिधींच्या निधीतून काम करणारं खातं असो, माझं मागणं असं आहे. ‘सिंथेटिक’ हा शब्द एकटा लिहू नका. जमीन किती टक्के धक्का शोषेल हा आकडा लिहा, आणि तो कंपनीच्या माहितीपत्रकावरून न घेता काम पूर्ण झाल्यावर जागेवर मोजून घ्या, मगच शेवटचं बिल काढा. कोरड्यात आणि ओल्यात पकड किती आहे तेही तपासा. आणि बांधकामाइतकाच देखभालीचा खर्च पहिल्या कागदावर दाखवा. मातीच्या मैदानाला वर्षाकाठी चार ट्रॉल्या माती, एक पाइप, चाळणी आणि एका माणसाचं मानधन लागतं. हा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही, कारण त्यावर फलक लावता येत नाही. सिमेंटचं कोर्ट एकदा ओतलं की उद्घाटन होतं, हिशेब बंद होतो. माती हरली ती इथे.

ज्या मुलीचं मनगट मोडलं तिचं प्लॅस्टर निघालंय. ती सध्या चढाई करत नाही, कडेला बसून गुण लिहिते. पाय टाकताना ती थबकते असं तिचे शिक्षक सांगतात, आणि ते थबकणं मनगटापेक्षा जास्त दिवस राहील याची मला भीती वाटते. शाळेशी आम्ही बोललो. ते कोर्ट तोडायला कोणी तयार नाही. आम्हीही तसा आग्रह धरला नाही. तिथे बास्केटबॉलचा खांब लागेल, प्रार्थना होईल. कबड्डीसाठी मागच्या बाजूची, विहिरीजवळची जागा मिळाली आहे. गेल्या आठवड्यात भाताच्या खाचरातल्या मातीच्या पहिल्या दोन ट्रॉल्या तिथे पडल्या. मुली दोन-दोनच्या जोडीने चाळणी धरून बसतात, खड्यांचा ढीग एका बाजूला वाढतोय. विहिरीवरच्या मोटारीची चावी कोणाकडे राहील आणि सुटीच्या दिवशी पाणी कोण मारील, एवढं अजून ठरायचं आहे.